गाडी थांबते, थांबा मात्र नाही : रेल्वेमंत्र्यांना खुले पत्र

माननीय रेल्वेमंत्री महोदय,



कुर्डूवाडीहून लातूरकडे जाणाऱ्या मार्गावर कळंब रोड नावाचं एक लहान स्टेशन आहे. ते धाराशिव जिल्ह्यातल्या कसबे तडवळे या गावाचं. पाटीवर ज्या कळंबचं नाव आहे ते तालुक्याचं गाव तिथून बरंच लांब. इतक्या लहान स्टेशनाची फाईल मंत्र्यांच्या टेबलापर्यंत सहसा पोचत नाही, म्हणून हे पत्र चारचौघांसमोर लिहितो आहे. नाव कळंब रोडचं घेतलं असलं तरी गाऱ्हाणं तेवढ्या एकाचं नाही. शेंद्री, पांगरी, येडशी, ढोकी, मुरूड आणि पंढरपूरच्या पलीकडे जत रोड, ढालगाव, सलगरे अशा सगळ्याच स्टेशनांचं ते आहे. ही सारी एका जुन्या लाईनची लेकरं. त्या लाईनला आमच्याकडची म्हातारी माणसं आजही ‘बार्शी लाईट’ म्हणतात.

मागणी शेवटी मांडतो. आधी या लाईनची हकिगत ऐकून घ्यावी, कारण मागणी त्या हकिगतीतूनच निघते.

मुंबईहून सोलापूरकडे जाणारा जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचा मोठा लोहमार्ग बार्शीला वगळून गेला. बार्शी त्या काळीही मोठी पेठ. बालाघाटाच्या पठारावरचा कापूस आणि धान्य बैलगाड्यांनी तिथे उतरायचं. पण मुख्य मार्गावरचं जवळचं स्टेशन होतं २१ मैलांवर. त्याचं नावच मुळी बार्शी रोड. आजचं कुर्डूवाडी ते हेच. या २१ मैलांच्या कच्च्या वाटेवर पावसाळ्यात गाड्या रुतायच्या आणि माल अडकून पडायचा.

जीआयपी रेल्वेत नोकरी केलेल्या एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्यानं ही अडचण हेरली. त्याचं म्हणणं साधं होतं : जिथे माल बेताचा आणि पैसाही बेताचा, तिथे मोठ्या रेल्वेची छोटी नक्कल करू नये, त्या मुलखाला पेलेल अशी वेगळीच रेल्वे आखावी. १८९५ मध्ये लंडनमध्ये बार्शी लाईट रेल्वे कंपनी उभी राहिली आणि १८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी गाडी सुरू झाली. रुळांतलं अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. रूळ यार्डाला ३० पौंड वजनाचे, हलके. इतक्या हलक्या रुळांवर जड माल वाहायचा तर भार सगळीकडे सारखा वाटला पाहिजे. म्हणून इंजिन असो की वाघीण, कोणत्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त वजन येणार नाही, असा नियम त्यानं घालून घेतला. इंजिनाला चाकं वाढवली, वाघिणी लांब पण हलक्या पोलादी सांगाड्याच्या केल्या. भारतात पाठवण्याआधी हा सगळा सरंजाम लीड्सजवळ रूळ टाकून जाहीरपणे चालवून दाखवला. अरुंद मापाच्या रेल्वेचा अभ्यास करणारे लोक जगभरात आजही बार्शीचं नाव आदरानं घेतात. आमच्या पट्ट्यातल्या शाळांत मात्र मुलांना हे कुणी सांगत नाही, हा दोष आमचा.

लाईन चालली आणि वाढली. १९०६ मध्ये ती पंढरपूरला पोचली. १९०७ मध्ये दुसरं टोक तडवळ्यापर्यंत गेलं. आजच्या कळंब रोडचा जन्म तेव्हाचा. १९११ मध्ये निजामाच्या मुलखातल्या लातूरला गाडी लागली आणि १९२७ मध्ये पंढरपूरहून थेट मिरज जोडलं गेलं. लातूर ते मिरज ही सव्वातीनशे किलोमीटरची लाईन एका खासगी कंपनीनं ब्रिटिश मुलूख आणि संस्थानी मुलूख ओलांडत चालवली. १९५४ मध्ये सरकारनं ती विकत घेतली आणि ती मध्य रेल्वेची झाली.

या लाईनवरच्या लहान स्टेशनांनी काय काम केलं, ते कोणत्याही एका रजिस्टरात सापडणार नाही. जिनिंगचा कापूस, तूर, ज्वारी, करडई, गुळाच्या ढेपा हे सारं इथून चढायचं. येताना मीठ, रॉकेल, लोखंड, कापडाचे गठ्ठे आणि टपालाच्या थैल्या उतरायच्या. कुर्डूवाडीला माल छोट्या वाघिणीतून मोठ्या वाघिणीत हलवावा लागे. हमालांच्या पिढ्यांचं पोट त्या कामावर भरलं. मिरजेला तर काही काळ मीटरगेज, नॅरोगेज आणि पुढे ब्रॉडगेज अशा तिन्ही मापांच्या गाड्या एकाच गावात दिसायच्या. आषाढी-कार्तिकीला या लाईनचा सगळा हिशेबच बदले. प्रवासी डबे अपुरे पडत आणि मालाच्या डब्यांतही वारकरी दाटीवाटीनं बसून पंढरपूर गाठत. ज्यांना महिनाभराची पायी वारी जमणार नाही अशा म्हाताऱ्यांना, लेकुरवाळ्यांना आणि शेतमजुरांना विठोबाचं दर्शन या गाडीनं घडवलं.

कसबे तडवळ्याची आणखी एक ओळख आहे. फेब्रुवारी १९४१ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत इथे महार-मांग वतनदार परिषद भरली. वतनाच्या नावाखाली चाललेल्या बिनमोल राबणुकीचा प्रश्न या आडगावी मांडला गेला. असं गाव त्या काळी बाहेरच्या जगाला जोडलेलं होतं ते या नॅरोगेजच्या जोरावर. आजही दर वर्षी फेब्रुवारीत तिथे माणसं जमतात. जवळच तेर आहे, संत गोरोबाकाकांचं गाव. दोन हजार वर्षांपूर्वी ‘तगर’ नावानं हीच पेठ ग्रीक खलाशांच्या नोंदीत आली आहे. इथला माल गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराकडे जात असे, असं ती नोंद सांगते. तेरचं वस्तुसंग्रहालय पाहायला अभ्यासक दुरून येतात. ढोकी आणि कळंब रोड ही त्यांच्यासाठी सोयीची स्टेशनं ठरू शकतात. पण तिथे उतरायचं तर गाडी थांबली पाहिजे.

आता ब्रॉडगेजबद्दल. नॅरोगेज गेली म्हणून हळहळणाऱ्यांपैकी मी नाही. ती गाडी मंद होती, डबे अपुरे होते आणि लातूरसारख्या वाढत्या शहराला तिनं दशकानुदशकं बाहेरच्या जगापासून चार हात लांब ठेवलं. लातूरकर ब्रॉडगेजसाठी वर्षानुवर्षं मागणी करत होते आणि ती रास्तच होती. २००७ आणि २००८ मध्ये लातूर-धाराशिव-कुर्डूवाडी हा टप्पा मोठ्या मापाचा झाला. जुन्या लाईननं वगळलेलं धाराशिव शहर पहिल्यांदा रेल्वेच्या नकाशावर आलं. पंढरपूर-मिरज टप्पा २०११ मध्ये सुरू झाला. लातूरहून रात्री बसून सकाळी मुंबईला उतरता येऊ लागलं. आता वर विजेच्या ताराही आल्या आहेत. याबद्दल आपल्या खात्याचे आभार मानायलाच हवेत.

पण मार्ग मोठा होताना एक गोष्ट कुणी ठरवून न करता घडली. जी लाईन वाटेवरच्या गावांसाठी बांधली होती, ती दोन टोकांच्या शहरांसाठी चालू लागली. लांब पल्ल्याच्या गाड्या वाढल्या, हे चांगलं झालं. त्यांचे थांबे लातूर, धाराशिव, बार्शी, कुर्डूवाडी, पंढरपूर अशा नावांपुरते राहिले. लहान स्टेशनांच्या वाट्याला मोजक्या सवारी गाड्या आल्या. करोनाच्या काळात त्याही बंद पडल्या. पुढे देशभरात अशा गाड्या ‘विशेष’ म्हणून परत आल्या तेव्हा जवळच्या प्रवासालाही एक्सप्रेसचं, कमीत कमी ३० रुपयांचं तिकीट लागू झालं. २०२४ च्या फेब्रुवारीत ते पूर्ववत १० रुपयांवर आलं. मधल्या काळात बाजारला, दवाखान्याला, कॉलेजला रेल्वेनं जाणारा माणूस वडापच्या जीपला आणि दुचाकीला लागला. एकदा मोडलेली सवय गाडी पुन्हा सुरू झाल्याबरोबर परत येत नाही.

पार्सलची गोष्ट याहून वाईट आहे. पूर्वी सवारी गाडीच्या गार्डाच्या डब्यात भाजीची टोपली, दुधाचा कॅन, आंब्याची करंडी चढत असे. आजच्या डेमू-मेमू गाड्यांत त्याला जागा नाही. लांबच्या गाड्या जिथे थांबतात तिथेही दोन-तीन मिनिटांच्या थांब्यात पार्सल चढवणं जमत नाही. परिणामी लहान स्टेशनातून माल पाठवणं जवळजवळ संपलं.

महोदय, ही लाईन मालासाठी किती मोलाची आहे, हे आपल्याच खात्यानं गेल्या काही वर्षांत दोनदा सिद्ध केलं.

पहिल्यांदा एप्रिल २०१६ मध्ये. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. लातूर शहरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली होती. तेव्हा मिरजेहून कृष्णेचं पाणी भरून पहिली गाडी लातूरला पोचली. दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. पुढे ५० वाघिणींच्या गाड्या धावल्या आणि एका खेपेत २५ लाख लिटर पाणी येऊ लागलं. एकूण अशा शंभराहून जास्त फेऱ्या झाल्या. ही ‘जलदूत’ धावली तो मार्ग मिरज, पंढरपूर, कुर्डूवाडी, बार्शी, लातूर. म्हणजे १९२७ मध्ये पुरी झालेली कॅलथ्रॉपची लाईन, रुंद झालेली आणि वाटेत धाराशिवकडे वळलेली. देशभरच्या बातम्यांत लातूरचं नाव गाजलं. ज्या लहान स्टेशनांनी आपापल्या बाजूच्या लूप लाईनवर गाड्या अडवून त्या पाण्याला वाट करून दिली, त्यांचं नाव कुठे आलं नाही.

दुसऱ्यांदा २०२० मध्ये. ७ ऑगस्टला देवळालीहून दानापूरला पहिली किसान रेल धावली आणि त्याच वर्षी २८ डिसेंबरला देशातली शंभरावी किसान रेल पंतप्रधानांनी दूरदृश्य प्रणालीतून रवाना केली, ती सांगोल्याहून. तीही याच जुन्या लाईनवरून. पश्चिम बंगालमधल्या शालिमारला डाळिंब, द्राक्षं, सीताफळ, केळी, सिमला मिरची, शेवगा घेऊन गेली. त्या योजनेतली सर्वांत चांगली तरतूद मोठ्या भाषणांत हरवून गेली : शेतकऱ्यानं किती माल आणावा याला किमान मर्यादा नव्हती आणि वाटेतल्या थांब्यांवर माल चढवता-उतरवता येत होता. पाच पेट्या असल्या तरी चालत. त्या काळात देशभरात अशा दोन हजारांवर फेऱ्या झाल्या. पण भाड्यात मिळणारी निम्मी सवलत ज्या अनुदानावर उभी होती, त्याची मुदत संपली आणि गाड्यांचा ओघ आटला.

या दोन्ही वेळी लाईन तीच होती आणि रूळही तेच. अडचण आली की लाईन आठवते आणि अनुदान असलं की शेतकरी आठवतो. मधल्या साध्या, रोजच्या दिवसांत काय, हा माझा प्रश्न आहे.

रोजच्या दिवसांत लहान स्टेशनाचं मोजमाप कसं होतं, ते आपण जाणताच, वाचकांसाठी सांगतो. २०१७ पासून रेल्वेनं स्टेशनांची नवी वर्गवारी केली. उपनगरी नसलेल्या स्टेशनांना एनएसजी-१ ते एनएसजी-६ अशी श्रेणी मिळते आणि हॉल्टना वेगळी. श्रेणी ठरते ती तिकिटांचं उत्पन्न आणि तिथून सुटणारे प्रवासी यांवर. वर्षाला दहा लाखांपर्यंत प्रवासी आणि एक कोटीपर्यंत उत्पन्न असलेली स्टेशनं शेवटच्या, सहाव्या पायरीवर. बाकं किती, नळ किती, छप्पर किती लांब, पादचारी पूल हवा की नको, हे सगळं मग या श्रेणीवरून ठरतं.

वरवर पाहता हे न्याय्य वाटतं. पण तडवळ्याचा विद्यार्थी जीपनं लातूरला जातो आणि तिथून पुण्याची गाडी पकडतो, तेव्हा त्याचं तिकीट लातूरच्या खात्यात जमा होतं. मुंबईहून परत येणारा कामगार लातूरला किंवा धाराशिवला उतरतो, कारण त्याच्या गावाच्या स्टेशनावर गाडीला थांबा नाही. त्याचं तिकीट मुंबईच्या खात्यात. तेरला आलेला अभ्यासक धाराशिवला उतरून टॅक्सी करतो. या सगळ्यांनी कळंब रोडची गरज सिद्ध केली, पण कळंब रोडच्या वहीत शून्य लिहिलं गेलं. वर्षअखेरीस ती वही पाहून कुणीतरी म्हणतं की इथे प्रवासीच नाहीत.

थांब्याचा नियमही याच वळणाचा आहे. लोकप्रतिनिधींनी फार लावून धरलं तर रेल्वे ‘प्रायोगिक थांबा’ देते, सहसा सहा महिन्यांचा. या मुदतीत तिकीटविक्री समाधानकारक झाली तर थांबा टिकतो. पण थांबा दिलेली गाडी मध्यरात्री येत असेल, स्टेशनाकडे जायला नीट रस्ता नसेल, अंधारात रिक्षा नसेल, तर तिकिटं खपणार कशी? आणि ती खपली नाहीत म्हणून गाडी पुढे निघून जाते. अशा परीक्षेत लहान स्टेशन नापास होणार हे परीक्षा घेण्याआधीच ठरलेलं असतं.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो.

कुर्डूवाडी-लातूर मार्ग एकेरी आहे. एकेरी मार्गावर समोरासमोरच्या दोन गाड्या एकमेकींना ओलांडायच्या तर एकीला कुठल्यातरी स्टेशनात लूप लाईनवर उभं राहावं लागतं. ते ‘कुठलंतरी स्टेशन’ बहुतेकदा लहानच असतं. त्यामुळे या मार्गावरच्या प्रवाशांना एक दृश्य चांगलं ओळखीचं आहे. एक्सप्रेस लहान स्टेशनात येऊन उभी राहते. पाच मिनिटं, दहा मिनिटं, कधी त्याहून जास्त. खिडकीतून गाव दिसतं, ओळखीचं झाड दिसतं, कुणाचं घरही दिसतं. काही माणसं दाराशी येतात, इकडे-तिकडे पाहतात आणि रुळांच्या बाजूला उड्या टाकून उतरतात. त्यांच्याकडे त्या स्टेशनाचं तिकीट नसतं, कारण वेळापत्रकात तिथे थांबा नाही. रेल्वेच्या भाषेत हा परिचालनाचा थांबा. व्यावसायिक थांबा नव्हे. समोरची गाडी निघून जाते, सिग्नल पडतो, गाडी हलते. उतरलेला माणूस शेतातून चालत घरी जातो. नियमाप्रमाणे तो दोषी. आणि ज्या रेल्वेनं त्याच्या दारात गाडी उभी करून दार मात्र बंद ठेवलं, तिच्यावर कुठलंच कलम लागत नाही.

जड गाडी थांबवायची म्हणजे वेळ जातो, वीज जाते, ब्रेक झिजतात, मागच्या गाड्यांवर परिणाम होतो, हे मला मान्य आहे. नवा थांबा फुकट मिळत नाही. पण जी गाडी क्रॉसिंगसाठी थांबतेच आहे, तिचा खर्च आधीच झालेला आहे. तिथे दरवाजे अधिकृतपणे उघडायला आणखी एक पैसाही लागत नाही. लागतो तो वेळापत्रकातल्या एका ओळीचा बदल, आणि क्रॉसिंग शक्यतो त्याच स्टेशनावर घडवून आणण्याची शिस्त.

म्हणून माझ्या मागण्या, नेमक्या शब्दांत.

पहिली. कुर्डूवाडी-लातूर आणि पंढरपूर-मिरज या टप्प्यांवर ज्या गाड्यांचं क्रॉसिंग वेळापत्रकातच आखलेलं आहे, तिथला परिचालनाचा थांबा व्यावसायिक थांबा म्हणून जाहीर करावा. ते क्रॉसिंग कोणत्या लहान स्टेशनावर ठेवायचं, हे ठरवताना गावांची गरज हा एक निकष धरावा. सगळ्या गाड्या सगळ्या स्टेशनांवर थांबवा, असं मी म्हणत नाही. एका लहान स्टेशनाला दिवसातून एक लांबची गाडी जाताना आणि एक येताना मिळाली तरी पुष्कळ आहे.

दुसरी. सवारी गाड्यांची वेळ या भागातल्या माणसाच्या दिवसाला जुळवावी. लातूर हे आज शिक्षणाचं केंद्र आहे. मराठवाड्यातून मुलं तिथे वैद्यकीय आणि अभियांत्रिकी प्रवेश परीक्षांच्या तयारीला येतात. पंचवीस-तीस किलोमीटरवरच्या गावातल्या आई-बापांना खोलीभाडं झेपत नाही. सकाळी दहापर्यंत लातूरला पोचवणारी आणि संध्याकाळी सहानंतर परत आणणारी एक खात्रीची गाडी असेल तर कितीतरी मुलं, आणि विशेषतः मुली, घरी राहून शिकतील. कचेऱ्या, न्यायालय, दवाखाना यांच्या वेळाही याच.

तिसरी. पार्सल. प्रत्येक स्टेशनावर पार्सल ऑफिस उघडा, असं मागणं व्यवहाराला धरून होणार नाही. पण चार-पाच स्टेशनांच्या गटात एक स्टेशन निवडून तिथे आठवड्यातले ठरावीक दिवस एका गाडीला पुरेसा थांबा आणि तिला एक पार्सल डबा जोडणं शक्य आहे. किसान रेलची किमान मालाची अट नसण्याची तरतूद तिथे कायमची लागू करावी, अनुदान असो वा नसो. भूम, वाशी, कळंब भागात खव्याचा मोठा धंदा आहे. लातूर जिल्ह्यातल्या पानचिंचोलीच्या चिंचेला, बोरसुरीच्या तूरडाळीला आणि कास्तीच्या कोथिंबिरीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मानांकनाचं प्रमाणपत्र भिंतीवर टांगून शेतकऱ्याच्या हातात दोन पैसे जास्त पडत नाहीत. कोथिंबीर दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबईच्या बाजारात उतरली तर पडतात. २०२२ च्या अर्थसंकल्पात आपल्या सरकारनं ‘एक स्टेशन, एक उत्पादन’ ही कल्पना मांडली. मोठ्या स्टेशनांवर तिचे गाळे दिसतात. ते उत्पादन ज्या लहान स्टेशनाच्या परिसरातून येतं, तिथून ते चढवण्याची सोय केली तर योजना पुरी होईल.

चौथी. मोजणीची पद्धत बदलावी. तिकिटाच्या उत्पन्नासोबत त्या स्टेशनावर येणारे प्रवासी, तिथे होणारी क्रॉसिंगं आणि पंधरा किलोमीटरच्या परिघातली लोकसंख्या यांना गुण द्यावेत. प्रायोगिक थांबा द्यायचाच असेल तर गाडी पहाटे पाच ते रात्री दहा या वेळेतली असावी आणि मुदत किमान वर्षभराची असावी. सुगी, लग्नसराई, वारी, शाळेचं सत्र यांपैकी काय काय त्या सहा महिन्यांत आलं, यावर एका स्टेशनाचं भवितव्य ठरू नये.

पाचवी मागणी खर्चाची नाही म्हणण्याइतकी लहान आहे. या लाईनवरच्या प्रत्येक जुन्या स्टेशनात एक फलक लावावा : हे स्टेशन कधी सुरू झालं, नॅरोगेज कशी होती, परिसरात काय पाहण्यासारखं आहे. तडवळ्याच्या फलकावर १९४१ च्या परिषदेची आणि ढोकीच्या फलकावर तेरची ओळ असावी. अमृत भारत योजनेत लातूर, कुर्डूवाडी, पंढरपूर अशा स्टेशनांचं रूप बदलतं आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये देशातल्या ५०८ स्टेशनांचं काम एकाच दिवशी सुरू झालं, त्याचा खर्च २४ हजार कोटींच्या वर सांगितला गेला. त्या रकमेत या फलकांचा खर्च शोधूनही सापडणार नाही.

हे सगळं होऊ शकतं, याचा पुरावा याच मार्गावर आहे. लातूरशेजारचं हरंगुळ हे असंच एक लहान स्टेशन. २०२३ मध्ये पुणे-हरंगुळ गाडी सुरू झाली आणि ज्या नावाकडे कुणी पाहत नव्हतं ते पुण्याच्या फलकांवर झळकू लागलं. त्याच हरंगुळजवळ मराठवाडा रेल्वे डबा कारखाना उभा आहे; ‘वंदे भारत’चे शयनयान डबे तिथे घडवण्याचं काम ठरलं आहे. देशातल्या सर्वांत वेगवान डब्यांची जन्मभूमी होणाऱ्या या पट्ट्यात शेजारच्या गावातल्या माणसाला साध्या डब्यात चढता येऊ नये, ही विसंगती आपल्यालाही रुचणार नाही.

आमच्याकडूनही काही देणं आहे, ते मान्य करतो. सवारी गाडीत तिकीट न काढता बसणं हे आमच्या भागात फारसं लाजेचं मानलं जात नाही. दहा रुपये वाचवणारा माणूस आपल्याच स्टेशनाच्या वहीत एक शून्य वाढवतो, हे गावोगावी सांगण्याचं काम आम्ही केलं पाहिजे. स्टेशनाकडे जाणारा रस्ता ग्रामपंचायत आणि जिल्हा परिषदेनं धरायला हवा. गाडीच्या वेळेला एसटीची एक फेरी स्टेशनाला लावून घेणं हे आमच्या आमदारांचं काम आहे. त्यासाठी दिल्लीला पत्र लिहायची गरज नाही. कॅलथ्रॉपची कंपनी हलक्या रुळांवर जड माल वाहू शकली, कारण भार सगळ्या आसांवर सारखा वाटलेला होता. आजही भार वाटून घ्यायला आम्ही तयार आहोत.

मात्र वेळापत्रक आमच्या हातात नाही, ते आपल्या हातात आहे. येत्या वेळापत्रकात, सुरुवात म्हणून, या मार्गावरच्या आखलेल्या क्रॉसिंगांची यादी मागवावी आणि त्यांतल्या निम्म्या थांब्यांना तरी व्यावसायिक दर्जा द्यावा. एक वर्ष चालवून पाहावं. आकडे आमच्या विरोधात गेले तर थांबे काढून घ्यावेत, आमची तक्रार राहणार नाही. पण मोजणी एकदा तरी दार उघडं ठेवून व्हावी, एवढीच विनंती.

आपला नम्र,
बार्शी लाईटच्या पट्ट्यातला एक प्रवासी